गुरुवारचे ठिपके

५ ऑक्टोबर, रविवार

आज एका दिवसात तिघांनी मला तारीख फोनमध्ये बघून सांगितली. औषधाच्या दुकानातला माणूस, जिन्यात भेटलेली शेजारीण आणि खुद्द आमची ही. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर भिंतीला चूक ठोकलेली आहे, पण चुकेवर काही नाही. बँकेने यंदा कॅलेंडर दिलंच नाही आणि पुढच्या वर्षीही देणार नाही. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, ॲपमध्ये आहे ना!" जसं काही ॲप मला चुकेला टांगता येणार आहे.

विकत मिळतात म्हणून बाजारात गेलो. एकावर धबधबा, एकावर कुत्र्याची पिल्लं, आणि तारखा इतक्या बारीक की भिंग घेऊन भिंतीपाशी उभं राहावं. एकात तर नोव्हेंबरला एकतीस दिवस होते! दुकानदाराला दाखवलं, तर दात काढून म्हणतो, "एक दिवस जास्तच मिळतोय की." चौतीस वर्षं एका दैनिकात मी मुद्रितं तपासली. माझ्या डोळ्यांखालून एक वेलांटी चुकीची गेली नाही, आणि हा माणूस मला आख्खा दिवस चुकीचा विकत होता. तळपायाची आग मस्तकात गेली.

ठरवलं. पुढच्या वर्षाचं कॅलेंडर मी घरी करणार. जुन्या धाटणीचं, बारा पानांचं, चारी बाजूंनी वेलबुट्टी, बाबांच्या छापखान्यात निघायचं तसं. राग आला की मला काम सुचतं. ही म्हणते, राग आला की तुम्हाला फक्त आणखी राग सुचतो. ही वही त्या कामाच्या नोंदींसाठी. कागद, रंग, चुका. चुका होणार नाहीत, पण रकाना असावा.

७ ऑक्टोबर, मंगळवार

माळ्यावरची ट्रंक काढली. हिने स्टूल धरलं, तोंडाचा पट्टा मात्र सुटलेलाच होता. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं बाबांचं शेवटचं कॅलेंडर मिळालं, १९९८ सालचं. बाबांचा छापखाना म्हणजे आमच्या तेव्हाच्या घराची पुढची खोली आणि तिच्यात पायाने चालवायचं एक ट्रेडल मशीन. दर वर्षी ते गिऱ्हाइकांसाठी कॅलेंडर काढायचे. हे छापलं आणि महिन्याभरात गेले.

पानं उलटली आणि उडालोच. १ जानेवारी तेव्हा गुरुवार, येत्या वर्षीही गुरुवार. सगळं ताडून पाहिलं. २०२६चे वार १९९८च्या वारांशी जसेच्या तसे जुळतात. मध्ये दोनदा जुळून गेले, पण तेव्हा नोकरी होती, सवड कुणाला! बाबा सणवार-तिथ्या छापत नसत, नुसते वार आणि तारखा. म्हणजे या बारा पानांच्या नकला काढायच्या आणि फक्त साल बदलायचं.

सालासाठी बाबांचे मोठे लाकडी आकडे हवे होते. काय त्यांचं वळण! ते माझ्या थोरल्या बहिणीकडे आहेत. म्हणजे तिने पळवले. बाबा गेल्यावर ट्रेडल मी विकलं, खोली अडत होती. त्या दिवशी ताई आली आणि कुणाला न विचारता आकड्यांचं खोकं पिशवीत घालून निघाली. मी तिला चोर म्हणालो. आणखीही काहीबाही म्हणालो असेन. माणूस रागात बोलतो, ते काय कुणी मनावर घेतं? तिने घेतलं. पुढे आई नऊ महिने अंथरुणाला खिळून होती, सप्टेंबरात गेली. त्या नऊ महिन्यांत पोटची मुलगी तिला भेटायला एकदाही आली नाही. एकदाही! चार बसथांब्यांवर राहते. आई गेल्यावर तेवढी आली, पायरीवर उभी राहून रडली आणि निघून गेली. मी हे विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

हिला म्हणालो, "आज ते आकडे असते तर!"

ही म्हणाली, "आणि मशीन भंगारात कोणी घातलं?"

विषय काय, बोलते काय.

११ ऑक्टोबर, शनिवार

भाचीचा फोन आला. ताईची मुलगी. तिच्यावर माझा राग नाही, ती वर्षातून एकदा परदेशातून येते तेव्हा भेटून जाते. म्हणाली, "मामा, आईला कायमची माझ्याकडे नेतेय. गुडघे पार गेलेत तिचे, एकटीला जमत नाही. सोळा जानेवारीचं तिकीट काढलंय. पुन्हा इकडे येणं काही व्हायचं नाही. त्याआधी एकदा तिला भेटा ना."

मी सरळ सांगितलं, "तिला नऊ महिन्यांत आईला भेटायला एक दिवस सापडला नाही. मलाही सध्या सवड नाही. मी कॅलेंडरं करतोय."

 मग म्हणाली, "मामीला द्या फोन." ही फोन घेऊन गॅलरीत गेली, दार लोटून घेतलं आणि अर्धा तास बोलत होती. या बायकांची कसली एवढी गुपितं असतात, देव जाणे. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. म्हणाली, गॅलरीत धूळ फार आहे. कालच झाडून घेतली होती.

१९ ऑक्टोबर, रविवार

कागद जुना दिसायला हवा. त्यासाठी पातेलंभर कडक चहा, बिनदुधाचा, बिनसाखरेचा, गार करून परातीत ओतायचा. कोरा कागद त्यात मोजून वीस अंक म्हणेपर्यंत ठेवायचा, निथळवायचा, दोरीवर चिमट्याने लावायचा. अर्धवट सुकला की पलंगावर जुनी चादर पसरून वरून इस्त्री. पाचशे कागद करायचे आहेत. दोऱ्या स्वयंपाकघरापासून दारापर्यंत बांधल्या आहेत. ही कागदांखालून वाकून ये-जा करते आणि दर फेरीला म्हणते, "घरात माणसांना चहा नाही, कागदांना आहे." चहा मी स्वतः आणतो, हे ती कुणाला सांगणार नाही.

आज एक नामुष्की झाली. सालाचे आकडे खोडरबरावर कोरून ठसे केले. उठवले आणि बघतो तर साल २०२३! ठसा उलटा कोरायचा असतो, मी सहा सरळ कोरला, आणि उलटा सहा म्हणजे तीन. छापखान्यात वाढलेल्या माणसाकडून ही चूक. ही हसून हसून पलंगावर बसली, इस्त्री केलेल्या कागदांवर.

२० ऑक्टोबर, सोमवार

सहा पुन्हा कोरला. पोटाशी जरा वाकडा झालाय. राहू दे. सरळ सहा कुणाकडे आहे ते जगाला माहीत आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

झेरॉक्सच्या दुकानात सकाळपासून दुपारपर्यंत उभा होतो. नकला काळ्या नकोत, तपकिरी हव्यात, हे त्या झेरॉक्सवालीच्या डोक्यात शिरायलाच तासभर गेला. मग तिने बाबांचं पहिलं पान मशीनवर ठेवलं आणि म्हणाली, "काका, जुने डाग दिसतायत. साफ करून देऊ? एका बटणाचं काम आहे."

मी म्हणालो, "हात लावायचा नाही. जुनं आहे ते जुनंच दिसलं पाहिजे. एक बटण दाबून सगळ्या जगाचा पावडर थापलेला चेहरा करून ठेवलाय तुम्ही लोकांनी."

घरी आणून पहिला संच तपासला. तीनशे पासष्ट तारखा सुलट वाचल्या, मग उलट वाचल्या. नोव्हेंबरला तीस दिवस आहेत. एकही चूक नाही. रकाना कोराच आहे, हे इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

चाळीस कॅलेंडरं तयार. वर लाकडी पट्टी, तिला दोन भोकं, भोकांतून जाड दोरा. कडा सुरीच्या पात्याने किंचित झिजवल्या. चुकेवर टांगलं तर खरोखर बाबांच्या हातचं वाटलं. मी स्वयंपाकघरात उभा राहून बराच वेळ बघत होतो, मग डोळ्यांत काहीतरी गेलं.

इमारतीत सगळ्यांनी मागून मागून नेलं. समोरच्या ब्लॉकमधल्या कर्नलने पहिलं नेलं. कर्नल म्हणजे विमा कचेरीतला निवृत्त कारकून, पण चालतो पाठीत काठी बांधल्यासारखा, म्हणून सगळे कर्नल म्हणतात. तोही तारीख फोनमध्ये बघणाऱ्यांतलाच. आता कसा आला! 

१ डिसेंबर, सोमवार

कर्नलने सकाळी बेल वाजवली. म्हणाला, "कॅलेंडर सुंदरच आहे हो. फक्त ते ठिपके कसले?"

"कसले ठिपके?"

"तारखेच्या कोपऱ्यात. जानेवारीत आहेत, फेब्रुवारीत आहेत. आमच्या मिसेस म्हणाल्या, त्या दिवशी पाणी येणार नसेल."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. आत येऊन चुकेवरचं काढून उजेडात धरलं. आहेत. तांदळाच्या कणीएवढे, पण आहेत. चाळीस घरांत गेले. चौतीस वर्षांत जे झालं नाही ते झालं. मी आकडे वाचत बसलो आणि ठिपक्यांवरून डोळे सरसर पुढे गेले. कर्नलला म्हणालो, झेरॉक्सवालीचं काम, दुसरं काय. तिला उद्या बघतो.

२ डिसेंबर, मंगळवार

झेरॉक्सवालीला बघायला गेलो आणि तीच माझ्याकडे बघत राहिली. "काका, मी साफ करून देते म्हणाले होते. तुम्ही माझ्या अंगावर आलात." मूळ पान तिने माझ्यापुढे धरलं. ठिपके त्यातच आहेत. निळ्या पेन्सिलीचे, थरथरत्या हाताने टेकवलेले.

घरी येऊन यादी केली. जानेवारीत तीन : आठ, पंधरा, एकोणतीस. पुढे सप्टेंबरच्या सतरा तारखेपर्यंत दर महिन्याला तीन-चार. सगळे एकाच उभ्या ओळीत, म्हणजे गुरुवारीच. जुलैत सलग तीन गुरुवार एकही नाही. सतरा सप्टेंबरनंतर वर्ष संपेपर्यंत एकही नाही. आई एकवीस सप्टेंबरला गेली. म्हणजे या खुणा आईच्या. आणि गुरुवारी काय असणार? धोबी! कपडे दिले की आई खूण करत असेल. जुलैत धोबी गावाला गेला असेल.

हिला विचारलं, "तेव्हा आपला धोबी गुरुवारी यायचा ना?"

ही भांडी घासत होती. पाठ न वळवता म्हणाली, "हो. धोबीच असेल."

चाळीस घरांच्या भिंतीवर मी अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा धोबी टांगलाय. हसावं की रडावं, कळत नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

दारोदार फिरून सदोष कॅलेंडरं परत घेतली. नव्याने करून देतो म्हणालो. लोक म्हणाले, असू दे हो, ठिपक्यांनी काय होतंय? ही वृत्तीच मला सहन होत नाही. चालतंय, असू दे, काय होतंय! अडतीस परत आली आणि ती रद्दीत घातली. कर्नल मुलाकडे गेलाय, त्याचं राहिलं. आणि एकाचा हिशोब लागत नाही. आमच्या चुकेवरचंच गायब आहे. हिला विचारलं तर म्हणाली, "कुठे जाणार आहे? असेल." ही सध्या प्रत्येक प्रश्नाला अर्धंच उत्तर देते.

पुन्हा पाचशे कागद, पुन्हा चहा. या वेळी मूळ पानांवरचे ठिपके आधी पात्याने खरवडून काढणार. दैनिकाच्या प्रेसमध्ये दर गुरुवारी मी हेच करायचो, चुका काढायचो. रविवारची पुरवणी गुरुवारी सुटायची, पानं मशीनवर जाईपर्यंत जागचं हलता येत नसे. घरी यायला नऊ वाजायचे. वर्षानुवर्षं एकही गुरुवार चुकवला नाही, फक्त त्या साली जुलैत कावीळ झाली म्हणून तीन आठवडे घरी पडून होतो. इतकं इमानानं काम केलं आणि म्हातारपणी हा डाग लागायचा होता.

९ डिसेंबर, मंगळवार

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

जेवण झाल्यावर मूळ पानं टेबलावर घेतली. जानेवारी खरवडला. कागदाला धक्का न लावता, फक्त पेन्सिल. फेब्रुवारी झाला. मार्चच्या पहिल्या ठिपक्याला पातं लावलं, तेवढ्यात ही बाजारातून आली. पिशवी तिथेच टाकली आणि माझ्या हातातून पातं हिसकावून घेतलं. तिचं बोट कापलं. मी ओरडलो, "वेड लागलंय का?"

"पुसू नका ते," ती म्हणाली. "ताई यायच्या, त्याचे आहेत."

मला अर्थच लागेना. म्हणालो, "कुठे यायच्या?"

"आपल्या घरी. आईंकडे. तुम्ही गुरुवारी उशिरा यायचात ना, म्हणून गुरुवारी. दुपारी यायच्या. आईंना अंघोळ घालायच्या, केस विंचरायच्या, भरवायच्या. तुम्ही यायच्या आत जायच्या. त्या गेल्या की आई मला कॅलेंडर खाली द्यायला सांगायच्या आणि स्वतःच्या हाताने ठिपका काढायच्या. पेन्सिल धरवत नव्हती, तरी."

"आणि तू मला अठ्ठावीस वर्षं सांगितलं नाहीस?"

"आईंनी शपथ घातली होती."

"का? मी काय वाघ होतो?"

"तुम्ही ताईंना काय म्हणाला होतात, आठवतंय? या घरात पुन्हा पाऊल टाकलंस तर मी घर सोडून जाईन, असं म्हणालात. आईंच्या समोर म्हणालात. आईंना तुम्ही दोघंही हवे होतात हो. मग त्यांनी वार वाटून घेतले."

मी पानं तशीच टेबलावर ठेवून फिरायला निघून गेलो. तिच्या बोटाला पट्टी लावायचंही सुचलं नाही.

१० डिसेंबर, बुधवार

नोंद नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

चार दिवस हिच्याशी बोललो नाही. ती रोज दोन वेळा चहा टेबलावर ठेवते, मी रोज दोन वेळा पितो, पण बोलत नाही. माझ्याच घरात, माझ्याच पाठीमागे, माझीच आई, माझीच बायको आणि माझीच बहीण, तिघींनी मिळून मला नऊ महिने मूर्ख बनवलं! मी रात्री नऊला दमून यायचो आणि आई म्हणायची, "आज बरं वाटतंय." मला वाटायचं, औषध लागू पडलं. केस विंचरलेले असायचे. मला वाटायचं, हिने विंचरले. कुणी एक शब्द काढला नाही. मिठाच्या गुळण्या धरून बसल्या होत्या सगळ्या. आणि ताई तर कमालच! चोर म्हटल्याचा एवढा राग होता तर समोरून येऊन भांडायचं होतं, मी काय खाऊन टाकणार होतो तिला?

हे लिहून पुन्हा वाचलं. वाचताना एक गोष्ट खटकली. याच वहीत सात ऑक्टोबरला मी लिहिलंय की ती एकदाही आली नाही. पुढे उद्गारचिन्ह दिलंय. मग उरलेले ठिपके मोजले आणि खरवडलेले यादीवरून त्यात मिळवले. एकतीस. आठ जानेवारीपासून सतरा सप्टेंबरपर्यंत एकतीस गुरुवार. कावीळ मला झाली ते तीन गुरुवार आई तिच्याविना राहिली. मी घरी होतो म्हणून.

एका वाक्यात एकतीस चुका. माझ्या हाताखालच्या माणसाने असं मुद्रित आणलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं. चुकांचा रकाना उघडून आज पहिली नोंद केली.

चहा पिऊन झाल्यावर हिला विचारलं, "बोट कसंय?" ती म्हणाली, "विचारलंत एकदाचं."

२८ डिसेंबर, रविवार

कर्नल परत आला. त्याच्याकडे धावत गेलो. आता मला ते सदोष कॅलेंडर हवंय, कारण जानेवारी-फेब्रुवारीचे ठिपके मूळ पानावर मी माझ्या हाताने खरवडून टाकलेत. सहा ठिपके. आईने त्यातला एकेक काढायला किती वेळ घेतला असेल. आणि अडतीस घरांतली अडतीस कॅलेंडरं रद्दीवाला घेऊन गेला.

कर्नल म्हणाला, "ते मिळायचं नाही."

"अहो, त्याच्या बदल्यात नवं देतो. शुद्ध प्रत देतो!"

"नको. मिसेसनी ठरवलंय, ठिपक्याच्या दिवशी मुलाला आपण फोन करायचा. तो करत नाही, आपणही रुसून बसतो. ठिपका असला की कोणी आधी करायचा हा प्रश्नच राहत नाही." आणि दार लावून घेतलं. माझ्या आईचे ठिपके, आणि हा माणूस मलाच देत नाही!

घरी येऊन आदळआपट केली. हिने मुकाट्याने धान्याच्या कपाटाचं दार उघडलं. दाराला आतून हरवलेलं कॅलेंडर टांगलेलं होतं. म्हणाली, "तुमच्या हाती लागलं असतं तर हेही रद्दीत गेलं असतं."

अठ्ठावीस वर्षं गुपित ठेवणाऱ्या बाईला एक कॅलेंडर लपवणं काय जड!

८ जानेवारी, गुरुवार

भाची आली आहे. फोनवर म्हणाली, "मामा, आईने काही म्हटलेलं नाही, मीच विचारतेय. येणार का?" मी म्हणालो, बघतो. दिवसभर घरातच होतो. शर्टाला इस्त्री केली, मग कपाटात ठेवून दिला. जाऊन म्हणायचं काय? तिने आधी बोलायला हवं की मी? ती मोठी आहे. पण चोर मी म्हणालो होतो. संध्याकाळपर्यंत हेच चाललं आणि दिवस गेला.

कपाटाच्या दारावर आजच्या तारखेला ठिपका आहे. ताई पहिल्यांदा आली तो हा. दारात काय म्हणाली असेल? मी घरी नाही ना, एवढं आधी विचारलं असेल.

१५ जानेवारी, गुरुवार

आज गेलो. उद्या त्यांचं विमान. ही सकाळीच म्हणाली, "मी येत नाही. तुम्ही एकटेच जा. आणि तिथे जाऊन भांडू नका." मी म्हणालो, मी कधी भांडतो?

दुपारी तीनला बेल वाजवली. हातात गुंडाळी करून कॅलेंडर, तेच, धान्याच्या कपाटातलं. दार उघडायला ताईला वेळ लागला, काठीचा आवाज आधी आला. केस पांढरेफेक. चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आज गुरुवार. तू इकडे कसा? पानं लवकर सुटली वाटतं?"

मी सगळं पाठ करून गेलो होतो. पहिलं वाक्य, दुसरं वाक्य, कुठे थांबायचं तेसुद्धा. एक अक्षर आठवलं नाही. म्हणालो, "वार जुळलेत, ताई."

"कसले?"

"तेव्हाचे आणि आताचे."

ती बाजूला झाली. घरभर खोकी बांधून ठेवलेली. बसायला एकच खुर्ची उरली होती, तिच्यावर तिने मला बसवलं आणि स्वतः बांधलेल्या पेटीवर बसली. मी कॅलेंडर तिच्या मांडीवर पसरलं. तिने आधी साल बघितलं. चष्मा वर करून, नाक कागदाला लावून बघितलं.

"सहा वाकडा आहे, भुंग्या."

भुंग्या मला फक्त तीच म्हणायची. लहानपणी मी सारखी कुरकुर करायचो म्हणून. माझा पारा चढला. "वाकडा असणारच! सरळ तू घेऊन गेलीस ना!"

"तू मशीन किलोवर घातलंस. आकडेही गेले असते. बाबांच्या हाताखाली अक्षरांची जुळणी मी करायची, तुला दोन ओळींच्या वर धीर धरवत नव्हता." मग जरा थांबून म्हणाली, "विचारून घ्यायला हवे होते. तेवढं माझं चुकलं."

आता मी बोलायला हवं होतं. "माझं जास्त चुकलं," एवढंच म्हणालो.  तिने मान हलवली. पुष्कळ झालं, असं तिचं म्हणणं असावं.

मग तिला जानेवारीत कोपऱ्यातले ठिपके दिसले. बराच वेळ तिने बोट एकावरून दुसऱ्यावर फिरवलं. तिला माहीत नव्हतं. ताई घरी निघून गेली की मग आई खूण करायची, ते आमच्या हिने तिला कधी सांगितलंच नव्हतं. शपथ ती शपथ. ताई रडली. मीही रडलो, लपवण्यासारखं काही नाही. भाचीने आतून डोकावून बघितलं आणि दार ओढून घेतलं.

मी खिशातून निळी पेन्सिल काढली. मुद्दाम आणली होती. म्हणालो, "आजचा ठिपका दे. आज मी आलोय."

तिने पंधरा तारखेवर बोट ठेवलं. "काय रे मुद्रितं तपासलीस इतकी वर्षं? दिलाय की. आईने."

खरंच होता. यादीत मी तो स्वतः लिहिला होता. आठ, पंधरा, एकोणतीस.

कॅलेंडर तिने हातातल्या पिशवीत ठेवलं, सामानात नाही. मग भाचीकडून एक खोकं सोडवून घेतलं आणि त्यातून बाबांचं लाकडी खोकं काढून माझ्या हातात दिलं. मी झाकण उघडेपर्यंत तिने आतला सहा उचलून पिशवीत टाकलासुद्धा. "हा मी नेते. तू वाकडाच वापर." पुन्हा कुणाला न विचारता! मी झाकण लावून खोकं काखेत घेतलं.

निघताना दारापर्यंत आली. म्हणाली, "पोचल्यावर फोन करीन. पुढच्या गुरुवारी. तुला यायला उशीर होईल का?"

"नाही," मी म्हणालो. "गुरुवारी मी घरीच असतो."